ज्येष्ठ गोल्फपटूंची राष्ट्रीय संघटना: १९०५ की १९१७?

सह्यकडा (धागालेखक)

ज्येष्ठांच्या गोल्फचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९८० सालापासून सुरुवात करतात, कारण त्या वर्षी अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या व्यावसायिक खेळाडूंचा स्वतंत्र दौरा सुरू झाला आणि दूरचित्रवाणीमुळे तो घरोघरी पोचला. माझ्या मते ही सुरुवात पाऊण शतकाने उशिरा धरली जाते. ज्येष्ठांचे गोल्फ उभे राहिले ते हौशी खेळाडूंच्या बळावर, आणि व्यावसायिक खेळाडू, प्रायोजक व कॅमेरे त्यात फार नंतर आले. म्हणून या धाग्यात मुख्यतः 'युनायटेड स्टेट्स सीनियर्स गोल्फ असोसिएशन' या संस्थेबद्दल लिहितो. ज्येष्ठ गोल्फपटूंनी स्वतःसाठी स्थापन केलेल्या राष्ट्रीय संघटनांमध्ये ती अगदी आरंभीची मानली जाते.

न्यू यॉर्क शहराच्या ईशान्येला, वेस्टचेस्टर परगण्यातील राय या गावी ॲपवामिस नावाचा क्लब आहे. तो १८९० मध्ये स्थापन झाला. अमेरिकेत तेव्हा गोल्फ नुकतेच रुजत होते. याच परगण्यातल्या याँकर्स येथे सेंट अँड्र्यूज क्लब १८८८ मध्ये सुरू झाला होता आणि खेळाची राष्ट्रीय नियामक संस्था १८९४ मध्ये अस्तित्वात आली. या तारखा लक्षात घेतल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते. १९०५ मध्ये पंचावन्न वर्षांचा असलेला अमेरिकन गोल्फपटू बहुधा चाळिशीत किंवा पन्नाशीत हा खेळ शिकलेला असे. लहानपणी हातात काठी धरलेली नसल्यामुळे त्याच्या फटक्यात तरुणांची लय नसे आणि खुल्या स्पर्धांत पहिल्याच फेरीनंतर त्याला घरी परतावे लागे. खेळाची गोडी तर लागलेली, आणि स्पर्धेत मात्र स्थान नाही, अशा माणसांची संख्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्लबांमध्ये वाढत चालली होती.

ॲपवामिसचे सभासद होरेस हॉचकिस यांनी ही उणीव ओळखली. त्यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये या क्लबच्या मैदानावर ५५ वर्षे पूर्ण केलेल्या हौशी गोल्फपटूंसाठी स्पर्धा भरवण्यात आली. ती एका क्लबच्या सभासदांपुरती ठेवली नाही, इतर क्लबांच्या ज्येष्ठांनाही बोलावले, हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्पर्धा दरवर्षी भरू लागली, येणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि बारा वर्षांनी, म्हणजे १९१७ मध्ये, तिच्याभोवती जमलेल्या मंडळींनी रीतसर राष्ट्रीय संघटना स्थापन केली.

येथेच मतभेदाचा मुद्दा येतो. संघटनेचा जन्म १९०५ चा धरावा की १९१७ चा? कागदावर पाहिले तर उत्तर १९१७ हेच आहे, कारण घटना, पदाधिकारी आणि सभासदत्व हे सर्व त्या वर्षापासूनचे. मी मात्र १९०५ च्या बाजूने आहे. वयाची अट ठरवणे, अनेक क्लबांच्या लोकांना एका मैदानावर आणणे, आणि दरवर्षी न चुकता पुन्हा भेटणे या तीन गोष्टींनी संघटना प्रत्यक्षात घडली होती. १९१७ मध्ये तिला फक्त नाव आणि नियमावली मिळाली.

स्पर्धेची रचनाही पाहण्यासारखी आहे. पंचावन्न आणि पंचाहत्तर या वयांतले अंतर पंचवीस आणि पंचेचाळीस यांतल्या अंतरापेक्षा शरीराला कितीतरी जास्त जाणवते, म्हणून पुढे खेळाडूंची वयोगटांत विभागणी होऊ लागली. शिवाय एकूण फटक्यांसाठी एक बक्षीस आणि हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीनुसार धरलेली फटक्यांची सूट) वजा करून येणाऱ्या निव्वळ गुणांसाठी दुसरे बक्षीस, अशी दुहेरी व्यवस्था असे. समजा सत्तरीच्या गृहस्थांनी ९२ फटके घेतले आणि त्यांचा हँडिकॅप २० आहे, तर त्यांचा निव्वळ स्कोअर ७२ होतो. छप्पन्न वर्षांच्या, ८ हँडिकॅपच्या खेळाडूने ८१ फटके घेतले तर त्याचा ७३. एकूण फटक्यांत अकराने मागे असलेले गृहस्थ निव्वळ गुणांत एका फटक्याने पुढे जातात. ही सवलत म्हणून दिलेली भीक नाही, कारण हँडिकॅप हा त्या खेळाडूच्या आधीच्या स्कोअरवरूनच काढलेला असतो. स्वतःच्या नेहमीच्या खेळापेक्षा त्या दिवशी कोण सरस ठरला, याचे ते मोजमाप आहे.

१९१८ मध्ये कॅनडातही अशीच संघटना उभी राहिली. तेव्हाचे गव्हर्नर जनरल ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी दोन्ही देशांच्या ज्येष्ठ संघांतील सामन्यांसाठी करंडक दिला आणि त्या सामन्यांना डेव्हनशायर करंडकाचे सामने म्हणू लागले. ब्रिटनमधील सीनियर गोल्फर्स सोसायटी १९२६ ची. पुढे हे सामने तीन देशांचे झाले.

कोणाला यात भर घालायची असेल किंवा स्थापनेच्या वर्षाबद्दल वेगळे मत असेल तर अवश्य लिहावे.


हडसनकाठ

सविस्तर लेखनाबद्दल आभार. मी वेस्टचेस्टरमध्येच बरीच वर्षे राहत असल्याने ॲपवामिसबद्दल थोडी भर घालतो. हा क्लब गोल्फच्या इतिहासात आणखी एका कारणाने प्रसिद्ध आहे. १९११ ची अमेरिकन हौशी स्पर्धा तेथे झाली आणि अंतिम सामन्यात इंग्लंडचे हॅरल्ड हिल्टन व अमेरिकेचे फ्रेड हेरेशॉफ यांची छत्तिसाव्या होलनंतर बरोबरी झाली. सदतिसाव्या होलवर हिल्टन यांचा चेंडू भरकटून उजवीकडच्या खडकाळ उताराकडे गेला, तिथून उसळून थेट हिरवळीवर आला आणि त्यांनी सामना जिंकला. ब्रिटिश आणि अमेरिकन हौशी अजिंक्यपदे एकाच वर्षी जिंकणारे ते पहिले खेळाडू ठरले.

दुसरी गोष्ट थेट आपल्या विषयाशी जोडलेली आहे. शेजारच्या हॅरिसन गावात १९०२ मध्ये जन्मलेला, इटालियन सुताराचा मुलगा जीन साराझेन लहानपणी ॲपवामिसमध्ये कॅडीचे काम करीत असे. ज्या काळात ज्येष्ठांची वार्षिक स्पर्धा तेथे बहरत होती, त्याच काळात हा मुलगा त्या मैदानावर सभासदांच्या पिशव्या वाहत होता. पुढे तो जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक झाला, आणि पन्नाशीनंतर त्याने १९५४ व १९५८ अशी दोनदा पीजीएची, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेची, ज्येष्ठ स्पर्धा जिंकली. ज्येष्ठांच्या गोल्फचे हौशी आणि व्यावसायिक असे दोन प्रवाह एका माणसाच्या आयुष्यात असे शेजारी आलेले पाहून मला नेहमी समाधान वाटते.

स्थापनेच्या वर्षाबद्दल माझे मत मात्र वेगळे आहे. स्पर्धा आणि संघटना यांत फरक करायलाच हवा. स्पर्धा यजमान क्लबच्या मर्जीवर चालते. त्या क्लबने एखाद्या वर्षी नकार दिला की ती थांबते. संघटनेला स्वतःचे सभासद आणि स्वतःचा निधी असतो, आणि म्हणून तिला दुसऱ्या देशाच्या संघटनेशी सामन्याचा करार करता येतो. १९१७ ची संस्था झाली नसती तर कॅनडातल्या ज्येष्ठांनी सामना कोणाशी ठरवला असता? डेव्हनशायर करंडक हाच १९१७ च्या बाजूचा पुरावा आहे असे मी मानतो.


निवृत्तसैनिक

दोन्ही बाजू पटण्यासारख्या आहेत. मला कॅनडाच्या संघटनेतील एका व्यक्तीबद्दल लिहायचे आहे, कारण क्रिकेटप्रेमी मराठी वाचकांना ती जवळची वाटेल.

जॉर्ज लायन हे कॅनडाचे नावाजलेले क्रिकेटपटू होते आणि १८९४ मध्ये त्यांनी केलेल्या नाबाद २३८ धावा हा तेव्हा कॅनडातला उच्चांक होता. गोल्फची काठी त्यांनी वयाच्या अडतिसाव्या वर्षी प्रथम हाती घेतली. त्यांच्या फटक्यात शेवटपर्यंत फलंदाजीची छाप होती आणि त्यावर वर्तमानपत्रांतून टीका होत असे. १९०४ मध्ये सेंट लुईस येथील ऑलिंपिकमध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी विशीतल्या चँडलर इगन या अमेरिकन विजेत्याला अंतिम सामन्यात हरवून सुवर्णपदक जिंकले आणि करंडक घ्यायला ते हातांवर चालत गेले. कॅनडाची हौशी स्पर्धा त्यांनी १८९८ ते १९१४ या काळात आठ वेळा जिंकली.

आणि मग १९१८ मध्ये ज्येष्ठांची संघटना स्थापन झाली तेव्हा ते साठीला आले होते. पुढच्या बारा वर्षांत कॅनडाच्या ज्येष्ठांची स्पर्धा त्यांनी दहा वेळा जिंकली. शेवटचा विजय १९३० चा, म्हणजे सत्तरी उलटल्यावरचा! हा माणूस नव्या संघटनेला पहिल्या दिवसापासून लाभला. आमच्या पलटणीत जसा एखादा जुना सुभेदार असला की नवी तुकडी आपोआप शिस्तीत येते, तसेच लायन यांच्या असण्याने त्या स्पर्धेला वजन आले असणार. संघटना घटनेने उभी राहते हे हडसनकाठ यांचे म्हणणे मान्य करूनही, ती टिकते ती अशा खेळाडूंमुळे, असे मला वाटते.

गव्हर्नर जनरलांचा उल्लेख आला आहे म्हणून एक खरा मुंबईशी असलेला धागा नोंदवतो. मुंबईचे गव्हर्नर असताना लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ च्या सुमारास भारतीय आणि युरोपीय दोघांनाही खुला असलेला विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब स्थापन केला. हेच विलिंग्डन १९२६ ते १९३१ या काळात कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते आणि त्यांनी दिलेल्या करंडकासाठी कॅनडातील प्रांतांचे हौशी गोल्फ संघ १९२७ पासून खेळतात. हा करंडक ज्येष्ठांचा नाही, परंतु डेव्हनशायर यांच्याप्रमाणेच पदावर असताना गोल्फला करंडक देण्याची ती परंपरा आहे. ताडदेवच्या मैदानावर खेळणाऱ्या किती जणांना आपल्या क्लबच्या नावाचा करंडक कॅनडात आहे हे ठाऊक असेल, याबद्दल मला शंका आहे.


मोगरा

धागा उत्तम चालला आहे, पण आतापर्यंतच्या सर्व लेखनात एकही स्त्री आलेली नाही, म्हणून लिहिते.

१९०५ ची स्पर्धा आणि १९१७ ची संघटना या दोन्ही केवळ पुरुषांसाठी होत्या. स्त्रिया त्या काळात गोल्फ खेळत नव्हत्या असे मुळीच नाही. अमेरिकेतील स्त्रियांची राष्ट्रीय हौशी स्पर्धा १८९५ पासून चालू होती. ज्या तरुणी १८९५ मध्ये विशीत होत्या, त्या १९२५ च्या सुमारास पन्नाशीत आल्या, आणि नेमक्या त्याच सुमारास, १९२४ मध्ये, 'युनायटेड स्टेट्स विमेन्स सीनियर गोल्फ असोसिएशन' ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली. तिची वयाची अट ५० ची होती.

राष्ट्रीय नियामक संस्थेने ज्येष्ठ पुरुषांची हौशी स्पर्धा १९५५ मध्ये, नॅशव्हिल येथे, सुरू केली. स्त्रियांसाठी तशीच स्पर्धा यायला १९६२ उजाडले. ती पहिली स्पर्धा मॉरीन ऑर्कट यांनी जिंकली. न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्या गोल्फच्या वार्ताहर म्हणून काम करीत. दिवसभर इतरांच्या स्पर्धांची बातमी लिहिणारी आणि स्वतः राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ही बाई मला जॉर्ज लायन यांच्याइतकीच थोर वाटते. १९६६ मध्ये त्यांनी ती स्पर्धा पुन्हा जिंकली.

म्हणजे दोन्ही वेळा ज्येष्ठ खेळाडूंनी स्वतः संघटना केली आणि राष्ट्रीय संस्था तीन ते चार दशकांनी मागून आली: पुरुषांच्या बाबतीत १९१७ आणि १९५५, स्त्रियांच्या बाबतीत १९२४ आणि १९६२. दोन्ही अंतरे अडतीस वर्षांचीच आहेत.


वाचनवेडा

मी गोल्फ खेळत नाही, पण हा विषय मनापासून वाचतो आहे. एक प्रश्न आहे. पुरुषांच्या संघटनेची अट ५५ ची, व्यावसायिक दौऱ्याची ५० ची, हा फरक कसा पडला? आणि या संघटनांत प्रवेश कोणाला होता? श्रीमंत गोऱ्या गृहस्थांची मैत्री असे याचे स्वरूप असेल तर 'राष्ट्रीय' हे विशेषण कितपत खरे, हेही विचारावेसे वाटते.


सह्यकडा (धागालेखक)

सर्वांचे आभार. वाचनवेडा यांचे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वयाचा प्रश्न. व्यावसायिक खेळाडूंची ज्येष्ठ स्पर्धा १९३७ मध्ये ऑगस्टा नॅशनलच्या मैदानावर सुरू झाली आणि जॉक हचिसन पहिले विजेते झाले. तिथे आरंभापासून अट ५० ची होती, कारण व्यावसायिकाची स्पर्धेतली उमेद त्याच्या आधीच ओसरलेली असे. हौशी गृहस्थ साठीत निवृत्त होऊन मनसोक्त खेळत. व्यावसायिक मात्र चाळिशीनंतर एखाद्या क्लबमध्ये शिकवणीला लागे. त्यामुळे दोन्ही जगांत ज्येष्ठत्व वेगवेगळ्या वयाला सुरू होत असे आणि त्याला ठोस कारण होते.

खरी गुंतागुंत १९८० ची. १९७८ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे जुन्या दिग्गजांची जोडीने खेळायची 'लेजंड्स ऑफ गोल्फ' स्पर्धा सुरू झाली होती आणि पासष्ट वर्षांच्या सॅम स्नीड यांनी गार्डनर डिकिन्सन यांच्या जोडीने ती जिंकली. पुढच्या वर्षी बरोबरी सोडवायला सहा जादा होल खेळावे लागले आणि दूरचित्रवाणीसमोर बसलेला प्रेक्षक जागचा हलला नाही. मग जानेवारी १९८० मध्ये स्नीड, डिकिन्सन, डॉन जॅन्युअरी, बॉब गोल्बी, डॅन साइक्स आणि ज्यूलियस बोरोस या सहा जणांनी पुढाकार घेतला आणि ज्येष्ठांचा दौरा उभा राहिला. पहिल्या वर्षी त्यात दोनच स्पर्धा होत्या.

त्याच वर्षी राष्ट्रीय संस्थेने पहिली ज्येष्ठांची अमेरिकन ओपन विंग्ड फूट येथे घेतली. हे मैदान वेस्टचेस्टरमध्येच, ॲपवामिसपासून काही मैलांवर आहे. संस्थेने हौशी परंपरेला धरून अट ५५ ची ठेवली आणि अर्जेंटिनाचे सत्तावन्न वर्षांचे रॉबेर्तो दे व्हिसेन्झो जिंकले. त्यांची १९६८ ची हकीगत अनेकांना ठाऊक असेल: मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर त्यांनी तीन फटके घेतले होते, सहखेळाडूने स्कोअरकार्डावर चार लिहिले, त्यांनी न तपासता सही केली आणि नियमाप्रमाणे चारच धरले गेले. बरोबरी हुकली आणि विजेतेपद गोल्बी यांना मिळाले. तेच गोल्बी पुढे ज्येष्ठांच्या दौऱ्याचे संस्थापक झाले आणि तेच दे व्हिसेन्झो ज्येष्ठांच्या ओपनचे पहिले विजेते. त्या एका सहीचा डाग दोघांच्याही नावाला बारा वर्षे चिकटून होता आणि ज्येष्ठांच्या गोल्फने दोघांनाही नवे स्थान दिले, याचे मला मोल वाटते.

पण ५५ च्या अटीमुळे नुकतेच पन्नाशीत आलेले आर्नल्ड पामर त्या पहिल्या ओपनमध्ये खेळू शकले नाहीत. लोकांना मैदानावर पाहायचे होते ते पामर यांना. १९८१ मध्ये अट ५० वर आणली गेली आणि त्याच वर्षी ओकलंड हिल्स येथे पामर यांनी बरोबरीनंतरच्या जादा फेरीत बिली कॅस्पर आणि बॉब स्टोन यांना हरवून ती जिंकली. हा बदल प्रेक्षकांसाठी झाला यात शंका नाही आणि मला तो गैर वाटत नाही. हौशी संघटनेने मात्र आपली ५५ ची अट सोडली नाही, तेही योग्यच झाले, कारण तिला तिकिटे विकायची नव्हती.

आता प्रवेशाचा प्रश्न. हौशी संघटनेचे सभासदत्व निमंत्रणावर अवलंबून आहे आणि निमंत्रण मिळायचे तर आधी चांगल्या क्लबचे सभासद असावे लागे. त्या काळातले असे क्लब पैशाने, वंशाने आणि धर्मानेही बंदिस्त होते. 'राष्ट्रीय' या शब्दाला ही मर्यादा होती, हे वाचनवेडा यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि कोणत्याही कौतुकात ते वगळू नये. व्यावसायिकांकडे तर हा भेद लेखी होता: पीजीएच्या घटनेत केवळ गोऱ्यांना सभासदत्व देणारे कलम १९३४ पासून १९६१ पर्यंत होते.


हडसनकाठ

या शेवटच्या मुद्द्याला धरून चार्ली सिफर्ड यांचे नाव घेतल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. १९२२ मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय खेळाडूची उमेदीची वर्षे त्या कलमाने गिळली. ते रद्द झाले तेव्हा सिफर्ड चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. तरीही १९६७ मध्ये हार्टफर्ड आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिस येथील स्पर्धा त्यांनी जिंकल्या. पण त्यांच्यासारख्या खेळाडूला खरा न्याय मिळण्याची जागा ज्येष्ठांच्या स्पर्धांत होती, कारण तिथे समवयस्कांशी बरोबरीने खेळता येत होते. १९७५ मध्ये त्यांनी पीजीएची ज्येष्ठ स्पर्धा जिंकली, म्हणजे ज्या संस्थेने त्यांना दाराबाहेर ठेवले होते तिचेच विजेतेपद मिळवले. आणि धागालेखकांनी म्हटलेल्या १९८० च्या त्या दोन स्पर्धांपैकी पहिली डॉन जॅन्युअरी यांनी, तर दुसरी सिफर्ड यांनी जिंकली.

स्थापनेच्या वर्षाबद्दल मी अजूनही १९१७ वर ठाम आहे, परंतु १९०५ चे मैदान आणि १९१७ ची घटना अशा दोन्ही तारखा एकत्र लिहिण्याला माझी हरकत नाही.


मोगरा

सिफर्ड यांच्याबद्दल लिहिल्याबद्दल हडसनकाठ यांचे आभार. एका तारखेची भर घालते, म्हणजे मालिका पूर्ण होईल. १९८० मध्ये ज्येष्ठ पुरुषांना ओपन मिळाली. ज्येष्ठ स्त्रियांची अमेरिकन ओपन पहिल्यांदा खेळली गेली ती थेट २०१८ मध्ये, शिकागो गोल्फ क्लबवर, आणि इंग्लंडच्या लॉरा डेव्हिस यांनी ती दहा फटक्यांच्या फरकाने जिंकली. १९८० ते २०१८ हे अंतरही अडतीस वर्षांचेच आहे. दरम्यानच्या काळात पन्नाशी पार केलेल्या कितीतरी उत्तम व्यावसायिक स्त्रियांना आपल्या देशाचे हे विजेतेपद खेळायलाच मिळाले नाही. पुरुषांच्या संघटनेचा इतिहास लिहिताना धागालेखकांनी मूळ लेखात १९२४ ची स्त्रियांची संघटनाही जोडावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.


सह्यकडा (धागालेखक)

विनंती मान्य. मूळ लेखात १९२४ ची संघटना, मॉरीन ऑर्कट आणि २०१८ ची ओपन यांच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद जोडतो. स्थापनेच्या ओळीत 'स्पर्धा १९०५, संघटना १९१७' असे लिहितो.